डोलोमाइट्सच्या डोंगरातली राहण्या-जेवण्याची सोय : एका मेसवालीचा रिव्ह्यू

एका रात्रीचे माणशी ७५ ते ९० युरो, म्हणजे आपले साधारण आठ-नऊ हजार रुपये. त्यात दहा-बारा अनोळखी माणसांच्या खोलीत दुमजली पलंगावर एक जागा, एक उशी, एक दुलई, ठरलेल्या वेळेला रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. चादर तुमची तुम्ही न्यायची. अंघोळीचे पैसे वेगळे, प्यायच्या पाण्याचे वेगळे. मी नाशिकला मेस चालवते. असं दरपत्रक मी दाराला लावलं तर दुसऱ्या दिवशी निम्मे डबे बंद होतील. तरीही मी या सोयीला पाचपैकी साडेचार तारे देतेय. अर्धा तारा कुठे कापला ते पुढे येईलच.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या डोलोमाइट्स डोंगरांत चालणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी ही घरं आहेत. इटालियनमध्ये त्यांना रिफुजो म्हणतात, जर्मन बोलणारे ह्यूट्टं म्हणतात. आमची वाट होती आल्टा व्हिया १. ब्रायेसच्या तळ्यापासून दक्षिणेला बेल्लूनोपर्यंत सुमारे १२० किलोमीटरचा हा रस्ता आहे. आम्ही अख्खा केला नाही. उत्तरेकडचा भाग करून ‘जाऊ’ (Giau) नावाच्या खिंडीपाशी खाली उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि म्यूनिकला नोकरी करणारी माझी भाची. मी पन्नाशी ओलांडलेली, उजवा गुडघा कुरकुरणारा. कळसूबाई, साल्हेर, हरिहर हे पाय चालत होते तेव्हापासूनचे ओळखीचे. गिर्यारोहक वगैरे मी नाही. रविवारी मेसला संध्याकाळची सुट्टी असते म्हणून डोंगर चढायला शिकलेली बाई आहे.

आधी बुकिंगचं सांगते, कारण तिथेच निम्मे लोक गळतात. सगळ्या घरांचं मिळून एकच संकेतस्थळ नाही. काही घरं इटालियन आल्पाइन क्लबची (हा क्लब १८६३ सालचा), बरीचशी एकेका कुटुंबाची. प्रत्येकाला वेगळा ईमेल, प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, प्रत्येकाची आगाऊ रक्कम. मोसम जेमतेम जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपासपर्यंत. वर्षाची कमाई या तीन महिन्यांत करायची म्हटल्यावर जुलै-ऑगस्टच्या जागा हिवाळ्यातच भरायला लागतात. त्यात साखळी जुळवायची असते. मंगळवारी एका घरात जागा मिळाली आणि बुधवारी पुढच्या घरात नाही, तर मंगळवारचीही फुकट. भाचीने एक तक्ता करून हे सगळं जमवलं. मी फक्त "हो, चालेल" एवढंच म्हणत होते.

ब्रायेसचं तळं १४९४ मीटरवर आहे. म्हणजे आपण चालायला सुरुवात करतो तीच जवळपास कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर. तळ्याचं पाणी हिरवं-निळं, काठाला लाकडी होड्या आणि फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. ऐन उन्हाळ्यात खासगी गाड्यांना दिवसा आगाऊ नोंदणीशिवाय तिथे सोडत नाहीत, म्हणून आम्ही दोब्बियाकोहून बसने गेलो. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलो आणि गर्दी सुरीने कापल्यासारखी संपली. तिथून चढ. आधी पाइनचं जंगल, मग खुरटी झुडपं, मग नुसता पांढरा दगड, आणि वर सोरा फोर्नो नावाची खिंड, २३८८ मीटर. नऊशे मीटरचा चढ एका दमात. एका दमात म्हणजे माझ्या दमात. त्यात राजगिऱ्याची चिक्की खायला थांबणं आलं.

खिंडीपलीकडे गेल्यावर मी भाचीला विचारलं, "अगं, इतका डोंगर, मग ओढा कुठाय?" आपल्याकडे जुलैत कुठल्याही डोंगरावर कान दिला की पाणी ऐकू येतं. इथे वरच्या पठारावर मैलभर चाललो तरी थेंब नाही. कारण दगडात आहे. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हाचा, घट्ट. त्यात टाकं खोदलं की पाणी वर्षभर राहतं, म्हणून तर गडांवर वस्ती करता आली. हे डोंगर समुद्राच्या तळाशी साठलेले, चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातले प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुन्यातून झालेले. त्यात मॅग्नेशियम मिसळलंय. देओदा द दोलोमियू या फ्रेंच माणसाने अठराव्या शतकाच्या शेवटी हा दगड नेहमीच्या चुनखडीपेक्षा वेगळा आहे हे ओळखलं, आणि त्याच्याच नावावरून दगडाला आणि डोंगरांना नाव पडलं. हा दगड भेगाळलेला. पाऊस पडला, बर्फ वितळलं की पाणी भेगांतून खाली जातं आणि थेट दरीत कुठेतरी झऱ्याला निघतं. वर राहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

हे कळलं नाही तर त्या दरपत्रकाचा राग येणारच. वरच्या घरांत बर्फाचं आणि पावसाचं पाणी साठवून ठेवतात, नाहीतर खालून पंपाने वर चढवतात. ते पुरवून पुरवून वापरायचं असतं. म्हणून बहुतेक वरच्या घरांत बेसिनवर "पिण्याचे पाणी नाही" अशी पाटी, आणि प्यायला बाटलीच विकत घ्यायची. दीड लिटरची बाटली खालच्या दुकानात नाण्यांत मिळते, वर तिचे चार-पाच युरो. म्हणूनच शॉवरला टोकन. टोकन टाकलं की तीन-चार मिनिटं गरम पाणी येतं, मग तुमच्या डोक्याला साबण असो नसो, बंद. पहिल्या रात्री मी अंघोळच टाळली. दुसऱ्या रात्री शिकले : आधी कोरड्याने साबण लावायचा आणि मग टोकन टाकायचं. आमच्या मेसला टँकर येतो त्या मे महिन्यात मी पोरांना हेच सांगत असते, ती ऐकत नाहीत.

आता जेवण. हा माझा विषय, त्यामुळे जरा वेळ लागेल.

बहुतेक घरांना रस्ता नाही. सामान दरीतून एका बारीक तारेवरच्या पाळण्यातून वर येतं. माणसांचा नाही, फक्त मालाचा रोपवे. जिथे तोही नाही तिथे मोसमाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर पीठ, तेल, गॅस, बिअरचे पिंप टाकून जातं. कचराही त्याच वाटेने खाली जातो, म्हणून तुमच्या पिशवीतला कचरा ते घेत नाहीत. तो तुम्हीच दरीपर्यंत न्यायचा. एका घरात मी पाळणा वर येताना बघत उभी राहिले. बटाट्यांची पोती, टोमॅटोचे क्रेट, दुधाची खोकी, धुऊन आलेले पलंगपोस. भाची म्हणाली, "मावशी, लोक इथे सूर्यास्त बघायला येतात आणि तू बटाटे बघतेस." बघणारच. किलोमागे वाहतूक किती पडत असेल याचा हिशोब माझ्या डोक्यात चालू होता, आणि तो हिशोब जसा जमत गेला तसे ते ८० युरो मला कमी वाटायला लागले.

रात्रीचं जेवण एकाच पंगतीत. साधारण साडेसहा-सातला. साडेसात वाजता जाऊन "काही आहे का गरम" असं विचारायची सोय नाही. दुपारी पोचल्यावर नाव नोंदवतानाच तुम्हाला विचारतात : पहिल्या वाढपात हे की ते, दुसऱ्यात हे की ते, काही पथ्य? म्हणजे चार-पाच वाजताच आचाऱ्याच्या हातात पक्का आकडा असतो. इतके कानेदेर्ली, इतके पास्ता, इतके मांसाचे, इतके शाकाहारी. सत्तर माणसांचं जेवण, स्वयंपाकघरात तीन माणसं, बाहेर वाढायला दोन मुली, आणि ताट परत जातं ते रिकामं. मेसवाल्यांचं मुख्य नुकसान कशात असतं माहितेय? अंदाजात. "आज पोरं कमी आली" म्हणून उरलेली भाजी. इथे अंदाज नावाची गोष्टच ठेवलेली नाही. परत आल्यावर मी दुपारी चारच्या आत संध्याकाळचं हो-नाही व्हॉट्सॲपवर कळवायची सक्ती केली. पोरं कुरकुरली, आता सवय झाली.

पदार्थांचं सांगायचं तर हा भाग १९१९ पर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे ताटात निम्मं टिरोल (ऑस्ट्रियाचा डोंगरी मुलूख) आणि निम्मी इटली. कानेदेर्ली म्हणजे शिळ्या पावाचे, अंडं-दूध घालून वळलेले मोठे गोळे, उकडलेले. पालकाचे आणि चीजचे शाकाहारी असतात, वर वितळलेलं लोणी. शिळ्या पावाचं सोनं करणारा पदार्थ म्हणून माझे त्याला पूर्ण गुण. चवीला मात्र दोन गोळ्यांनंतर माणूस थांबतो. कोर्तिना गावाच्या बाजूला काझुन्झिएई मिळतात : बिटाचं सारण भरलेले, करंजीसारखे मुडपलेले, लोण्यात परतून वर खसखस. आवेराऊच्या रिफुजोत खाल्लेले अजून आठवतात. बीट या भाजीवर मी आयुष्यभर अन्याय केला असं वाटलं. पोलेंटा म्हणजे मक्याच्या रव्याचं घट्ट शिजवलेलं पीठ, मशरूम आणि वितळलेल्या चीजबरोबर. चालून आलेल्या पोटाला ते बसतं, पण लसणाची चटणी लागतेच. मी शेंगदाण्याची कोरडी चटणी डबीत नेली होती. शेजारी बसलेल्या डच जोडप्याने दोनदा मागून घेतली, तिसऱ्यांदा मीच डबी झाकली. नेणार असाल तर एक लक्षात ठेवा : युरोपीय संघात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तेव्हा पेढे, बर्फी घरीच राहू द्या. चटणी, चिक्की, भाजलेले शेंगदाणे चालतात.

गोडात सफरचंदाचं श्ट्रूडेल सगळीकडे. आणि कायझरश्मार्न : जाड गोड घावन तव्यातच फाडून, वर पिठीसाखर आणि आंबटगोड जॅम. हा एक पदार्थ दुपारच्या जेवणाऐवजी दोघींना पुरला.

आता तो अर्धा तारा. एका घराचं नाव मी घेत नाही. तिथे दुपारी आम्ही दोनदा सांगितलं की दोघी शाकाहारी. लिहूनही घेतलं. रात्री जवाचं सूप आलं ते सुंदर वासाचं, आणि चमच्यात गुलाबी तुकडे. श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस. वाढणाऱ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "फक्त चवीपुरतं आहे." चवीपुरतं! वाटी परत गेली, पाच मिनिटांनी दुसरी आली, आणि माझी खात्री आहे की त्याच पातेल्यातून तुकडे काढून आली. मी ती प्यायले नाही. चूक होते, माझ्याकडेही उपवासाच्या खिचडीत एकदा हळद पडली होती. पण मग गिऱ्हाइकाला नवीन काहीतरी करून द्यायचं, निदान दोन अंडी, नाहीतर पाव-चीज. इथे पैसे पूर्ण घेतले. जवाचं सूप, फरसबीचं सूप, कानेदेर्लीचा रस्सा या तीन गोष्टींबद्दल स्वतंत्र विचारा : "रस्सा मांसाचा आहे का?" नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. बाकीच्या घरांनी मात्र न विचारता सांगितलं की हे घेऊ नका, ते घ्या.

नाश्ता सगळीकडे सारखाच, आणि कंटाळवाणा. पाव, लोणी, जॅम, चीजचे काप, म्यूस्ली, कॉफी. सकाळी सातला गरम काही पोटात गेलं नाही की मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. थर्मासमध्ये गरम चहा भरून देतात, त्याचे थोडे पैसे. तो घ्या. आलं-दूध नाही, लिंबाचा असतो, पण दहा वाजता वाऱ्यात बसून प्यायला बरा.

झोपण्याच्या खोलीत बायका-पुरुष एकत्र असतात. माझ्या वयाच्या बायकांना हे आधी सांगायला हवं. कपडे बदलायला न्हाणीघरात जायचं नाहीतर पांघरुणाखाली कसरत करायची. कुणी कुणाकडे बघत नाही हे खरं. पहिल्या रात्री तरीही मी सलवार-कुडत्यातच झोपले. चादरीऐवजी पातळ सुती पिशवी लागते, आत शिरून झोपायची. ती नसेल तर तिथे विकत घ्यावी लागते. बूट दाराशी एका खोलीत काढायचे, घरात फक्त सपाता. दहाला दिवे बंद म्हणजे बंद. घोरण्यावर मात्र इटलीतही इलाज निघालेला नाही, कानात घालायचे बोळे न्या. संडासात कागद असतो, पाणी नसतं. मी एक छोटी बाटली वेगळी ठेवली होती. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

वाटेबद्दल थोडं. या सगळ्या डोंगरांचा स्वभाव एक नाही. सेन्नेसचं पठार म्हणजे ठेंगणी कुरणं आणि गाईंच्या घंटा. फोदारा व्हेदलाहून पेदेरूला उतरणारा जुना लष्करी रस्ता इतका उभा की माझ्या गुडघ्याने तिथे जाहीर निषेध नोंदवला. पेदेरूला सगळी उंची गमावून १५४८ मीटरवर यायचं आणि पुन्हा पाचशे मीटर चढून फानेसला. तिथे घरांच्या जीपगाड्या सामान आणि दमलेली माणसं वर नेतात; मी सामान चढवलं, स्वतः चालले. फानेसच्या खोऱ्यात मार्मोट नावाचे लठ्ठ केसाळ प्राणी दगडाच्या फटीतून शिट्ट्या मारतात. तिथले लादिन लोक फानेसच्या राज्याची जी दंतकथा सांगतात त्यात राजघराण्याचा मार्मोटांशी करार होता. लादिन ही लॅटिनमधून आलेली त्यांची स्वतःची भाषा, बोलणारे जेमतेम तीस हजार, पण पाट्यांवर तिसरं नाव तिचंच. एकाच गावाची इटालियन, जर्मन आणि लादिन अशी तीन नावं वाचायची सवय लागेपर्यंत वेळ जातो, तेव्हा नकाशावर तिन्ही आहेत ना ते बघून घ्या. ताबाक्को कंपनीचे १:२५,००० चे नकाशे सगळे वापरतात. या भागाला ०३१ आणि ०३ हे दोन पुरतात. लावारेल्लाच्या रिफुजोत स्वतःची बिअर गाळतात. भाचीने प्यायली, चांगली होती म्हणाली.

फानेसहून लागाझुओईला जाणारा दिवस सगळ्यांत लांब. फोर्चेला देल लागो ही २४८६ मीटरची अरुंद खिंड, पलीकडे घसाऱ्यातून नागमोडी उतार थेट खालच्या एका तळ्यापर्यंत, आणि मग पुन्हा वर २७५२ मीटरला. उतारावर दगड पायाखालून सरकतात. काठ्या नसत्या तर मी बसूनच उतरले असते. वर पोचलो तेव्हा गच्चीवर इतकी गर्दी की बसायला जागा नाही, कारण फाल्झारेगो खिंडीतून केबल कार तिथवर येते. शेवटची केबल कार गेली की घर राहणाऱ्यांचं होतं. जेवायला बसलो तर खिडकीत मार्मोलाडा. ३३४३ मीटर, डोलोमाइट्समधला सर्वांत उंच, आणि याच डोंगरावर ३ जुलै २०२२ ला हिमनदीचा तुकडा कोसळून अकरा माणसं गेली. उन्हाळे तापताहेत हे तिथले लोक हवामानाच्या गप्पांत नाही, घराच्या हिशोबात बोलतात : आधी ऑगस्टपर्यंत पुरायचं ते बर्फाचं पाणी आता कधी संपतं ते.

लागाझुओईच्या पोटात पहिल्या महायुद्धातले बोगदे आहेत. वर ऑस्ट्रियन, खाली कड्याच्या एका अरुंद पट्टीवर इटालियन, आणि दोघेही डोंगर आतून पोखरून एकमेकांखाली सुरुंग लावत होते. २० जून १९१७ ला इटालियनांनी मोठा सुरुंग उडवला. आज तो बोगदा उघडा आहे. हेल्मेट आणि डोक्यावरची बॅटरी असेल तर त्यातून पायऱ्यांनी फाल्झारेगोपर्यंत उतरता येतं. पायऱ्या उंच, ओल्या, आणि एका बाजूला तार. मध्ये सैनिकांच्या झोपायच्या जागा, भिंतीत कोरलेले कोनाडे. इथल्या माणसांना इथे, बर्फाच्या हिवाळ्यात, जेवण कोण आणि कसं पोचवत असेल हाच विचार मी खाली येईपर्यंत करत होते. गुडघ्याची तक्रार असेल तर केबल कारने उतरा.

तिथून चिंक्वे तोर्री, म्हणजे गवताळ उतारावर उभे केलेले पाच सुळके, आणि वर आवेराऊ. त्याच्या डोक्यावर अर्ध्या तासाच्या चढावर नुव्होलाऊ, २५७५ मीटर, अगदी टोकावर बसवलेलं घर. १८८३ सालचं, या भागातलं सर्वांत जुनं. मेअरहाइम्ब नावाचा एक सॅक्सन कर्नल कोर्तिनाच्या हवेत आजारातून बरा झाला, आणि त्याच्या पैशातून हे उभं राहिलं. महायुद्धात उद्ध्वस्त झालं, १९३० मध्ये पुन्हा बांधलं. आम्ही तिथे राहिलो नाही, श्ट्रूडेल खाऊन गच्चीत बसलो. चारही बाजूंना दिसणारे डोंगर एकमेकांसारखे अजिबात नाहीत : तोफानाचे तांबूस थर, चिव्हेत्ताची सरळ भिंत, क्रोदा दा लागोची करवत, आणि पेल्मो, ज्याला तिथले लोक परमेश्वराची खुर्ची म्हणतात. बघितल्यावर दुसरं नाव सुचत नाही. ऊन कलल्यावर हा पांढरा दगड आधी पिवळा, मग गुलाबी होतो. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून मी वर्णन करत नाही. फोटोंत असतं त्यापेक्षा ते कमी वेळ टिकतं, एवढंच.

पाऊस आपल्यासारखा दिवसभर नाही. सकाळ लख्ख, दुपारी दोनला ढग, तीनला विजा. म्हणून सगळे साताला निघतात आणि दुपारच्या आत पुढचं घर गाठतात. लोखंडी तारा आणि शिड्या लावलेल्या वाटा, ज्यांना व्हिया फेर्राता म्हणतात, त्यांवर विजेच्या वेळी असणं म्हणजे जिवाशी खेळ. कळसूबाईच्या शिड्या चढलोय म्हणून त्या जमतील असं समजू नका. तिथे कमरेला पट्टा आणि दोन दोर लागतात. मूळ वाटेवर त्यांची गरज पडत नाही. वाटेवर दगडांवर लाल-पांढऱ्या खुणा आणि क्रमांक इतके नेमाने रंगवलेत की धुक्यातही आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशीचा हवामानाचा अंदाज संध्याकाळी प्रत्येक घरात लावलेला असतो, आणि मालक तो नुसता लावत नाही, तुमची वाट विचारून "तुम्ही अर्धा तास आधी निघा" असं सांगतोही. साडेचारपैकी एक तारा मी फक्त या वाक्यासाठी दिलाय.

आता ज्यांनी जाऊ नये ते. स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र न्हाणीघर लागणाऱ्यांनी कोर्तिनात हॉटेल घेऊन दिवसाच्या वाटा कराव्यात. केबल कार आणि खुर्चीच्या रोपवेने बरंच वर जाता येतं. रोज दोनदा भात लागणाऱ्यांनीही. जैन मंडळींचं कठीण आहे, कांदा-लसूण-बटाटा सोडून तिथल्या आचाऱ्याकडे फारसं उरत नाही. लहान मुलं मात्र मी भरपूर पाहिली, आठ-नऊ वर्षांची, आपापली पाठपिशवी घेऊन, आणि त्यांना अर्धं ताट अर्ध्या दरात.

हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईला किंवा कळसूबाईखालच्या बारीला कुणाच्या ओसरीवर आपण दोनशे-अडीचशे रुपयांत पिठलं-भाकरी खातो, तिची सर इथल्या कशालाच येणार नाही. गरम भाकरी माणसागणिक थापून वाढणं सत्तरांच्या पंगतीत शक्यच नाही. पण त्या माउलीला दुपारी चार वाजता कुणी आकडा कळवत नाही. रात्री नऊला पंधरा जण दार वाजवतात, नाहीतर पंचवीस सांगून आठ येतात. ट्रेकचे ग्रुप चालवणाऱ्यांनी एवढं एक उचललं तर तिचा रॉकेल-गॅस, पीठ आणि झोप वाचेल.

जाणाऱ्यांसाठी : व्हेनिसहून कोर्तिनाला थेट बस आहे, साधारण अडीच तास. रोख युरो जवळ ठेवा, वर कार्डाचं मशीन नेटवर्कवर अवलंबून असतं. विम्यात डोंगरातल्या बचावाचा, हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का ते वाचून बघा. मदतीचा क्रमांक ११२. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला जुलैपेक्षा बरा वाटतो, विजा कमी आणि जागा थोड्या सहज. ईमेल जानेवारीतच टाका, आणि पहिल्याच ओळीत किती माणसं, कोणती रात्र, किती शाकाहारी हे लिहा. सूपचा प्रश्नही त्यातच विचारून टाका.